मिससाहेब आल्या आणि सगळे बरे झाले

तुमचं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, लोकांच्या घरी जाऊन बसायचं. ऐकणारा हसायचा. नुसतं बसायचा पगार मिळतो? मिळतो, म्हणायचे मी, आणि तोही समुद्रापलीकडून येतो. मग त्याचं हसू जरा आटायचं.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. हळ्ळीखेडच्या बाजूला एका गावात आम्ही राहत होतो. नवरा तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर. मिशन लुथरन या ख्रिस्ती पंथाचं होतं. आमच्या भागात त्याचा पसारा फार नव्हता, एक शाळा, एक पत्र्याचं देऊळ आणि एक म्हातारे पाळकसाहेब. मिशन इथे आलं तेच मुळी दगडफोड्यांच्या मागोमाग. पार कृष्णेकाठच्या तेलुगू गावांतून, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातून, काही कुटुंबं सडकेच्या कामावर इकडे आली. खडी फोडत फोडत आमच्या गावापर्यंत पोचली आणि खाणीशेजारी झोपड्या घालून तिथेच राहिली. ती पूर्वीपासूनची लुथरन. आपली माणसं परमुलखात गेली, त्यांना कोण बघणार, म्हणून तिकडच्या मिशनने मागाहून पाळक धाडला.

पुढे समुद्रापलीकडच्या मंडळ्यांनी वर्गणी काढून एक वेगळा निधी पाठवायला सुरुवात केली. त्यातून दोनच कामं करायची होती. जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, मग ते कोणत्या का जातीधर्माचे असेनात. आणि जे दुसऱ्या मुलखातून पोटासाठी आलेत त्यांची विचारपूस करायची. पाळकसाहेबांचे गुडघे गेले होते. शिवाय पुरुषमाणसाला आमच्याकडे कोणी चुलीपर्यंत येऊ देत नाही. मला वाचता येत होतं, मराठी आणि कानडी बोलता येत होतं, तेलुगू कानावर पडून पडून जमलं होतं आणि घरात पोरबाळ नव्हतं. त्यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं.

लोकांना वाटायचं मी घरोघर बायबल वाचत फिरते. वाचायचे की, कोणी म्हटलं तर. पण हाताची बोटं वाकडी झालेल्या म्हातारीला आधी कोणीतरी वेणी घालून द्यायला हवी असते. देव त्यानंतर. मी वेणी घालायचे, पाय चोळून द्यायचे, सुनेची कागाळी ऐकायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन सुनेकडून सासूची ऐकायचे. आणि दोघींना एकमेकींचं काही सांगायचे नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड होतं, कारण माझी जीभ मुळात तिखट.

ज्या घरी मी रोज न चुकता जायचे ते घर खाणीशेजारचं होतं. तिथे अक्का राहायची. दगडफोड्यांच्या टोळीतली. खाणीची कड ढासळून ती खाली पडली आणि तिचा कणा मोडला. कमरेखालचं सगळं गेलं, हातांतही जोर राहिला नाही. तिला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. नवरा दिवस उगवायला खाणीत जायचा, शेजारपाजारही जायचं, त्यांचं पोट तिथेच होतं. मागे झोपडीत अक्का एकटी, ज्या बाजूला ठेवली त्या बाजूला पडलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या पाठीला एवढ्या जखमा होत्या की मी बाहेर येऊन उलटी केली.

मग मी रोज जायला लागले. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने पाठ धुवायची, कोरडी करायची, मिशनच्या दवाखान्यातून आलेली बोरिक पावडर लावायची, आजूबाजूला करडईचं तेल चोळायचं, जुन्या धोतराचं मऊ फडकं घालायचं आणि तिला दुसऱ्या कुशीवर वळवायचं. ज्वारीच्या कण्या भरवायच्या, थोडं थांबायचं, निघताना पुन्हा वळवायचं. संध्याकाळी नवरा वळवायचा. एवढ्यावर ती बाई जगत होती. मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर एकदा पाळकसाहेबांना माझ्यासमोर म्हणाले होते, वळवणं थांबलं की हिचं एका पावसाळ्याच्या आत आटोपेल.

आणि अशी असून तिचा तोरा काय सांगू! केस नीट विंचरल्याशिवाय माझ्याशी बोलायची नाही. मला चेल्ली म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. मराठी आमच्या गावातच शिकली होती, त्यामुळे बोलायची थेट गावासारखी. "चेल्ली, आज इतका उशीर कामून केलीस? झोपलतीस काय?" मी म्हणायचे, व्हय, तुझ्यासारखी दिवसभर झोपायची सोय कुठाय मला. यावर ती खदखदून हसायची आणि मलाच भीती वाटायची की जखम उलेल.

एका रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. समुद्रापलीकडे धंदे बुडाले होते, गिरण्या बंद पडत होत्या, तिथल्या मंडळ्यांचा हात आखडला होता. सगळीकडचा निधी चालू ठेवणं त्यांना झेपणार नव्हतं. कुठे खरी गरज आहे आणि कुठे नाही, हे पाहायला तेलुगू भागातल्या एक मिससाहेब गावोगाव फिरत होत्या. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात येणार होत्या. त्या सांगतील तिथलं काम राहणार, नाही तिथलं बंद होणार.

पगार गेला तर मास्तरांच्या पगारात आणि माझ्या खुरपणीच्या मजुरीत आम्ही दोघांनी कसंही निभावलं असतं. पण मी दिवसभर रानात गेल्यावर अक्काची पाठ धुवायला कोण जाणार? पावडर आणि तेल कुठून येणार? मी पाळकसाहेबांना तसं तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बाई, भिऊ नका. त्या आपल्या डोळ्यांनी बघतील. अक्काला बघितल्यावर कोण नाही म्हणेल?"

मलाही ते पटलं. इथेच आमचं सगळं चुकलं. पाळकसाहेबांनी गावात निरोप धाडला की परदेशातून पाहुण्या येणार आहेत, घरी बसलेल्या आजारी माणसांना भेटणार आहेत, तयार राहा.

आता आमच्याकडे पाहुणे येणार, तयार राहा, म्हटल्यावर माणूस काय करतो? घर सारवतो. दारात रांगोळी घालतो. ठेवणीतलं लुगडं काढतो. आणि आजारी माणसाला उठवून बसवतो. पाहुण्याला अंथरूण दाखवायचं नसतं. आपलं दुखणं त्याच्यासमोर मांडायचं नसतं, पाहुण्याचा घास कडू होतो. कसे आहात, असं विचारलं की झकास म्हणायचं, मग नाडी सुटत आली असली तरी चालेल. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मिससाहेब टांग्यातून उतरल्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, डोक्यावर टोपी. तेलुगू उत्तम बोलायच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. पहिलं घर अप्पांचं. अप्पा म्हणजे तुरीचे जुने व्यापारी, लिंगायत, एके काळी आळंदचा बाजार गाजवलेले. त्यांचे पाय सुजून खांबाएवढे झाले होते आणि वर्षभरात ते खोलीबाहेर आले नव्हते. मी मिससाहेबांना वाटेत हे सगळं सांगितलं. आम्ही कोपऱ्यावरून वळलो आणि पाहते तर अप्पा दारातल्या कट्ट्यावर! डोक्याला जरीचा रुमाल, कपाळाला ताजं भस्म, पायांवर शाल अशी टाकलेली की सूज दिसू नये.

मिससाहेबांनी विचारलं, "आपली प्रकृती कशी आहे?"

"शिवाच्या किरपेनं झकास हाय," अप्पा म्हणाले. "तुमी सांगा, वाटंत तरास न्हाई ना झाला?"

मी म्हटलं, "मिससाहेब, अप्पांचे पाय..." अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले, आणि त्यांच्या सुनेने मागून मला चिमटा काढला. चहा आला. केळी आली. निघताना अप्पा म्हणाले की वेशीपर्यंत पोचवायला आलो असतो, पण आज एक सौदा ठरायचाय.

पुढच्या घरी दमेकरी म्हातारी. तिने आम्ही बसलो होतो तेवढा वेळ खोकला दाबून धरला. तिचा चेहरा जांभळा व्हायला लागला, तरी हसत होती. मिससाहेब म्हणाल्या, किती आनंदी वृत्ती! मी कपाळावर हात मारून घ्यायची तेवढी राहिले.

मग पाटील स्वतः आले आणि आम्हाला दगडफोड्यांच्या झोपड्यांकडे घेऊन निघाले. मिससाहेबांनी त्यांना विचारलं की परक्या मुलखातून आलेली माणसं गावात किती आहेत. पाटलांनी छाती काढली. "आमच्या गावात परकं कुनीच न्हाई. समदी आमचीच लेकरं हायत." बिचारे मनापासून बोलले. दगडफोडे ओळीने उभे होते, अंघोळ करून, केसांना तेल लावून. त्यांना मिससाहेबांनी तेलुगूत विचारलं, तुम्ही कुठले? त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं आणि मराठीत सांगितलं, "हितलेच."

त्यांचंही खरं होतं. राज्याबाहेरच्या माणसाला त्या दिवसांत गैरमुल्की म्हणायचे आणि तो शब्द अंगावर घ्यायला कोणी तयार नसायचं. शिवाय ज्या गावाने जागा दिली, त्या गावच्या पाटलासमोर आम्ही बाहेरचे असं म्हणणं म्हणजे खाल्ल्या घरची आठवण नाही असं झालं असतं.

मिससाहेबांचा चेहरा फुलला होता. त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, मला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत म्हणाल्या, "मला अत्यंत आनंद होत आहे. येथील कार्य सिद्धीस गेले आहे. हा निधी आता अधिक गरज असलेल्या गावी नेता येईल."

पाळकसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मी मनात म्हटलं, असू दे. अजून अक्का आहे. मोडलेल्या कण्याला कोण झाकणार?

झोपडीत शिरले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्का बसली होती. मधल्या मेढीला, छपराच्या खांबाला, पाठ टेकून, ताठ, मांडी घातलेली, अंगावर लग्नातलं लाल लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. तिचा नवरा आणि शेजारच्या दोघी, खाडा करून घरी राहिलेले, कौतुकाने बघत होते. अक्काने मिससाहेबांना तेलुगूत या बसा म्हटलं. मिससाहेबांनी तब्येत विचारली. "देवाच्या कृपेनं बरी आहे अम्मा," अक्का म्हणाली. "तुम्ही बारीक दिसताय. तिकडं जेवायला घालत नाहीत का?"

मिससाहेब हसल्या. अक्काही हसली. पण तिच्या ओठावर घाम फुटला होता आणि डोळे सारखे मिटायला लागले होते. सकाळपासून तिला असं बसवलं असणार. मी पुढे होऊन मेढीच्या मागे पाहिलं. नवऱ्याचं मुंडासं तिच्या छातीखालून आणि कमरेवरून घेऊन मेढीला गच्च आवळलं होतं, वरून पदर.

मिससाहेब उठायला लागल्या. त्या उठल्या असत्या तर सगळं संपलंच असतं. मग मी काही पाहिलं नाही, घर कुणाचं, पाहुणा कोण. मी मोठ्यांदा म्हटलं, "मिससाहेब, ही बसलेली न्हाई. बांधलेली हाय."

शेजारणीने तोंडावर पदर घेतला. अक्का माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने अशा शिव्या दिल्या, मराठी, तेलुगू आणि दख्खनी सगळ्या मिळून, की पाळकसाहेब बाहेर निघून गेले. "पाव्हण्यांसमोर माझी अब्रू काढलीस! तुला भन मानलं म्या!" मी म्हटलं, "काढली! आनखी काढते!" आणि मी मुंडाशाची गाठ ओढली. मिससाहेब तोवर मागे आल्या होत्या. त्यांनी टोपी काढून जमिनीवर टाकली आणि अक्काला दोन्ही हातांनी धरलं, नाहीतर ती बाजूला कोसळलीच असती. आम्ही दोघींनी तिला कुशीवर निजवलं. फडकं रक्ताने चिकटलं होतं. मिससाहेबांनी पाणी मागितलं, बाह्या वर केल्या आणि मी धुवत होते तेवढा वेळ अक्काचा खांदा धरून बसल्या. अक्काच्या शिव्या मात्र चालूच होत्या.

बाहेर आल्यावर त्या खडीच्या ढिगावर बसल्या. म्हणाल्या, "इतर मंडळीसुद्धा?"

"समदे," मी म्हटलं. "अप्पा वर्षभर उठलेले न्हाईत. म्हातारीला एका दमात चार शब्द बोलता येत न्हाईत. तुमी पाव्हण्या ना. पाव्हण्याला कोन दुखनं दाखवतंय?"

मिससाहेब हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, माझी आईही अशीच होती. मग विचारलं, आता काय करावं?

मी म्हटलं, माझ्यासंगं मागच्या दारानं चला.

मी सगळ्या घरांत मागच्या दारानेच जायचे. पाहुणा पुढच्या दाराने येतो. परसातून, शेणीच्या ढिगाजवळून आत आलेल्या माणसाला कोणी पाहुणा समजत नाही, तो घरचाच. मिससाहेबांची टोपी मी पाळकसाहेबांकडे दिली आणि त्यांना परसातून अप्पांच्या खोलीत नेलं. अप्पा आडवे होते. जरीचा रुमाल खुंटीवर, पाय उशांवर, आणि तोंडाने "मेलो गं आई" चाललेलं. आम्हाला पाहून त्यांनी शाल ओढायचा प्रयत्न केला, मग ती सोडून दिली. "आता काय बी इचारा," ते म्हणाले. मिससाहेबांनी विचारलं की रात्री कोण उठवतं, पाणी कोण देतं. अप्पा सांगत गेले. म्हातारीकडे गेलो तेव्हा ती दाबून ठेवलेला सगळा खोकला खोकून काढत होती. तिला बोलवेनाच. तिने फक्त माझ्याकडे बोट केलं आणि हात जोडले.

परत फिरताना दगडफोडे चुलीपाशी बसलेले दिसले. या वेळी पाटील बरोबर नव्हते. मिससाहेब त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि कुठले असं न विचारता त्यांच्यातल्या वयस्क माणसाला म्हणाल्या, तुझा बाप्तिस्मा कोणत्या देवळात झाला? त्याने पटकन नदीकाठच्या एका गावाचं नाव सांगितलं. मग म्हणाला की तिथली घंटा नदीपल्याड ऐकू यायची. मग दुसरा आपलं गाव सांगायला लागला, मग बायका. मिससाहेबांना त्यांतली काही गावं माहीत होती. तिथल्या कुणाचं लग्न झालं, कोण वारलं, पूर आला होता का, हे विचारता विचारता अंधार पडायला आला. टांगेवाला कंटाळून दोनदा हाक मारून गेला.

टांग्यात बसण्यापूर्वी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "बाई, काम बंद होणार नाही. हे मी तुम्हाला आज सांगते, कारण ते ठरवण्यासाठीच मला पाठवले आहे. आणि बोरिक पावडर दुप्पट येईल."

टांगा वळणापलीकडे गेला. मी देवळाच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. मास्तर शाळेकडून आले, काय झालं म्हणून घाबरले. मी म्हटलं, काही नाही, सगळं चांगलं झालं. त्यांना वाटलं मी पाहुण्यांना सांगतात तसं सांगते आहे. त्यांची खात्री पटवायला मला बराच वेळ लागला, आणि मग माझं मलाच हसू यायला लागलं. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचं पाणी घेऊन मी अक्काकडे गेले. नवरा खाणीत गेला होता. ती दाराकडे तोंड करून पडली होती. गजरा उतरवला होता, पण केस विंचरलेले नव्हते, ते माझ्यासाठी राहिले होते. मी म्हटलं, "अक्का, काम न्हाई बंद होत. मी येनार रोज." मी भांडं खाली ठेवलं, फडकी काढली, ती नुसती माझ्याकडे जळजळीत बघत होती.

शेवटी म्हणाली, "बाई." चेल्ली नाही, बाई. "तुझं तोंड बी बघायचं न्हाई मला. भिंतीकडं वळव मला."

"वळवते की," मी म्हटलं, आणि तिच्या खांद्याखाली हात घातला. ती अंग चोरायला बघत होती, पण तेही तिला जमत नव्हतं. मी तिला अलगद भिंतीकडे वळवलं, तिची पाठ माझ्याकडे आली, आणि मी पाण्यात फडकं बुडवून धुवायला लागले.